धुक्यातले दोन ॲम्प्लिफायर

आज सकाळी दार उघडलं, तर समोरचं घर नव्हतं. त्याच्या फाटकापाशी असलेलं तुतीचं झाड नव्हतं, झाडाखाली लावलेली पांढरी गाडी नव्हती. फाटकावरचा दिवा तेवढा होता, तोही कुणीतरी हवेत टांगून विसरून गेल्यासारखा. खालच्या मजल्यावरून घरमालकीणबाईंचा आवाज आला, "अनघा बेटा, धुंद बहुत है. गड्डी हौली चलाईं." धुकं फार आहे, गाडी हळू चालव, असं सांगत होत्या. मी वरूनच "हांजी, आंटीजी" म्हटलं. त्या मला दिसत नव्हत्या, मी त्यांना दिसत नव्हते. दिवसभरात समोरासमोरचं म्हणावं असं माझं बोलणं तेवढंच झालं.

चंडीगडचं धुकं येताना कळत नाही. एका सकाळी बाकीचं सगळं गेलेलं असतं, एवढंच.

मी मूळची कराडची. आमच्याकडची थंडी पाहुणीसारखी असते. पहाटे येते, अंगणात शेकोटीपाशी जरा टेकते आणि ऊन वर आलं की निघते. इथली थंडी मुक्कामाला येते. डिसेंबर सरत आला की सूर्य रजेवर जातो. कपडे वाळत नाहीत, रजई पांघरताना दमट लागते. चौकाचौकांतली वाहतुकीची वर्तुळं धुक्यात विरघळून जातात आणि ज्या शहरात रस्ता चुकूच शकत नाही असं सगळे सांगतात, तिथे माणसं आपल्याच सेक्टरभोवती फेऱ्या मारत राहतात. तिळाच्या रेवडी-गजकच्या गाड्यांवर पिवळे बल्ब लागतात. ऑफिसात कुणी घरच्या पिन्नीच्या लाडवांचा डबा उघडतं आणि तुपाचा वास सगळ्या मजल्यावर फिरतो. संध्याकाळ झाली की जो तो आपापल्या घरी, आपापल्या हीटरपाशी, आपापल्या माणसांत. दारं लागतात ती घट्ट लागतात.

हे दिवस आले की मला एक हिवाळा आठवतो. त्याला आता काही वर्षं झाली. मी मोहालीच्या ऑफिसात नवी होते, सेक्टर चव्वेचाळीसमधल्या याच वरच्या मजल्यावर नुकती राहायला आले होते आणि दिवसभर कानांवर हेडफोन लावून काम करत होते. परदेशातली माणसं, बंगळुरूची माणसं, शेजारच्या खोलीत बसलेली माणसं, सगळी हेडफोनमधूनच बोलायची. घरी येऊन गाणं ऐकायचं तर तेही हेडफोनवरच. एका संध्याकाळी एक ख्याल संपला, मी हेडफोन काढून ठेवला आणि लक्षात आलं, खोलीत काहीच घडलेलं नाही. पडदे, खुर्ची, पाण्याचा तांब्या, सगळं होतं तसंच. हेडफोनवरचं गाणं आपल्या डोक्याच्या आत वाजतं, आणि तिथे आपण एकटेच असतो. मला ते गाणं समोरच्या भिंतीपाशी हवं होतं. माझ्यापासून चार पावलांवर, दुसरं माणूस जिथे बसलं असतं तिथे.

म्हणून मी स्पीकर शोधायला लागले. नवे चांगले परवडणारे नव्हते, तेव्हा जुने. पंचकुल्यातली एक जाहिरात दिसली आणि मी फोन लावला. पलीकडून एका वयस्क बाईंचा आवाज, स्वच्छ, बेताचा. आम्ही हिंदीत बोललो. स्पीकर आहेत, वाजतात, येऊन पाहा. मी म्हटलं, "ठीक है जी, तो मैं रविवार को आ जाऊँ?"

मग बाई म्हणाल्या, "तुम्ही मराठी का?"

इथे बोलताना कुणी रविवार म्हणत नाही. संडे म्हणतात, ऐतवार म्हणतात. माझ्या तोंडून आलेला तो एक शब्द त्यांनी ओळखला होता. मी हो म्हटलं आणि माझा आवाज मलाच वेगळा लागला. आईशी फोनवर बोलणं सोडलं, तर कित्येक दिवसांत मी कुणाशी मराठीत बोललेच नव्हते.

त्या वसुधाकाकू. त्यांचे यजमान कर्नल होते, तोफखान्यात. शेवटची नेमणूक चंडीमंदिरच्या छावणीत होती, तिथूनच निवृत्त झाले आणि छावणीपासून फार लांब नको म्हणून पंचकुल्यात घर बांधलं. घरापुढे गुलाबांचे वाफे, थंडीने आखडलेले. मी गेले तेव्हा काका बैठकीच्या खोलीत उभे होते. ताठ, उंच, गळ्याशी मफलर. मी सवयीने "नमस्ते जी" म्हटलं आणि स्पीकरबद्दल हिंदीत विचारू लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"हिंदी बोलू नकोस," ते म्हणाले. "मला हिंदी दिसत नाही."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी समजावून सांगितलं. काकांना जवळजवळ काही ऐकू येत नाही. कानातली यंत्रं आहेत, पण त्यांनी नुसता गोंगाट वाढतो, शब्द उलगडत नाहीत, म्हणून ती खणात पडून असतात. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखतात. पण ते फक्त मराठीत जमतं. हिंदी, इंग्रजी, पंजाबी सगळं त्यांना उत्तम येतं, आयुष्य त्यातच गेलं, तरी ओठांवरून कळते ती मराठीच. लहानपणी आईच्या तोंडाकडे बघत शिकलेली भाषा तेवढी दिसते, असं काकूंचं म्हणणं.

"तोफा चालवल्या," काका म्हणाले. "कान तिथेच ठेवून आलो. सावकाश बोल, वर बघून बोल. मग काही अडचण नाही."

इतकं एकटक कुणी माझ्याकडे पाहून किती दिवस झाले होते, मला आठवेना. मीटिंगमध्ये माणसं पडद्याकडे पाहतात, दुकानदार फोनकडे. काका माझ्या तोंडाकडे असे पाहत होते, की मी काय म्हणते हीच त्या वेळी जगातली महत्त्वाची गोष्ट असावी. मी सांगितलं, कराडची आहे. ते म्हणाले, "कराड. कृष्णा-कोयना." आणि समाधानाने खुर्चीत बसले.

स्पीकर माझ्या कमरेएवढे उंच होते, लाकडी, पुढे तपकिरी कापड लावलेले. शेजारच्या टेबलावर दोन ॲम्प्लिफायर. स्पीकर स्वतःहून बोलत नाही, त्याला बोलतं करायला ॲम्प्लिफायर लागतो, एवढं मला ठाऊक होतं. दोन कशाला, हे ठाऊक नव्हतं.

"हा व्हॉल्व्हचा," काकांनी पहिल्यावर हात ठेवला. वर उघड्या काचेच्या नळ्या, मागे दोन जड लोखंडी ठोकळे. "तापल्याशिवाय बोलत नाही. हा ट्रान्झिस्टरचा. बटण दाबलं की हजर. हल्ली लोक पहिल्याला ट्यूब म्हणतात आणि दुसऱ्याला सॉलिड-स्टेट. आपण आपलं व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर." मग स्पीकरकडे वळून म्हणाले, "हे दोघं आळशी आहेत. भरपूर खायला घातल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. ताकद ट्रान्झिस्टरमध्ये. तेव्हा हिशेबाने तोच योग्य. पण."

मग ते व्हॉल्व्हच्या नळ्यांवरची धूळ मफलरच्या टोकाने पुसत राहिले.

त्यांची मागणी विचित्र होती. स्पीकर मी घ्यावेत. ॲम्प्लिफायर दोन्ही घरी न्यावेत, हिवाळाभर ऐकावेत, होळीच्या आत एक ठेवून दुसरा परत आणावा. आणि अधूनमधून येऊन काय ऐकू आलं ते त्यांना सांगावं. "मी वर्षानुवर्षं यांच्यात ठरवत होतो. ठरवायच्या आत कान गेले. आता मला दोन्ही सारखेच. तू ऐक. नीट ऐक, आणि मला सांग."

कॉलनीच्या चौकीदाराने आणि मी स्पीकर जुन्या रजईत गुंडाळून गाडीत आडवे घातले. काकूंनी पुढच्या सीटवर किन्नूंची, इथल्या संत्र्यांची, पिशवी ठेवली. परतताना सुखना तलावाकडून धुकं उतरू लागलं होतं, आणि मी रस्ताभर मोठ्याने, कुणी ऐकत नसताना, मराठीत बोलत आले. हे वळण घेऊ का, तो सिग्नल लाल आहे का हिरवा, असलं काहीतरी.

आधी व्हॉल्व्ह जोडला. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. मग नळ्यांच्या तळाशी नारिंगी ठिपके उगवले, हळूहळू वाढले, आणि खोलीत तापलेल्या धुळीचा वास आला, लोखंडी तव्यासारखा. गाणं लावायच्या आधीच स्पीकरमधून एक बारीक गुणगुण येऊ लागली. फार बारीक, कान दिला तरच कळेल अशी. मग मी एका बाईंचा जुना ख्याल लावला. त्या गायला लागण्यापूर्वी श्वास घेतात, तो श्वास समोरच्या भिंतीपाशी घेतला गेला. मी दचकून मागे सरकले. खोलीत कुणीतरी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रान्झिस्टर. गुणगुण नाही, वास नाही, वाट पाहणं नाही. एक स्वच्छ, कोरडी शांतता, आणि त्या शांततेतून सूर असा आला, जणू काचेवरून हात फिरवून ती पुसली. तबल्याचा डग्गा काल भिजल्यासारखा सैल वाजत होता, आज प्रत्येक घुमकीला कड होती. मात्र बाई आज दोन पावलं मागे बसल्या होत्या.

इंटरनेटवर या विषयावर माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात. मी स्पीकरचं वर्णन लिहून विचारलं, तर उत्तरं भराभर आली. असले आळशी स्पीकर व्हॉल्व्हवर लावणं म्हणजे बैलगाडीला मालगाडीचे डबे जोडणं, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, खोली लहान असेल आणि हळू ऐकत असाल तर व्हॉल्व्हच. तिसऱ्याने दोघांनाही मूर्ख ठरवलं. मी ते सगळं वाचून ठेवलं आणि रविवारी पंचकुल्याला गेले.

मी काकांना सांगितलं, "व्हॉल्व्हचा आवाज उबदार वाटतो."

"ऊब हाताला कळते," काका म्हणाले. "कानाला काय कळलं?"

दिवसभर मी इंग्रजीत मोठमोठे अहवाल लिहिते, आणि इथे एका सुराचं वर्णन करायला माझ्याकडे 'छान' आणि 'उबदार' यापलीकडे शब्द नव्हते. मग मी गाणाऱ्या बाईंच्या श्वासाचं सांगितलं. तंबोऱ्याचं सांगितलं, की व्हॉल्व्हवर चारही तारा एकमेकींत मिसळून एक घोंगडी होते आणि ट्रान्झिस्टरवर प्रत्येक तार वेगळी मोजता येते. डग्ग्याचं सांगितलं. ते माझ्या ओठांवरून एकेक शब्द उचलत होते. मी थांबले की त्यांची नजर माझ्यावरून निघून स्पीकर असायचे त्या मोकळ्या कोपऱ्यात जायची, आणि त्यांची मान किंचित हलायची, ठेक्यात. त्यांना ऐकू येत होतं. माझ्या शब्दांतून त्यांच्या आठवणीतलं काहीतरी वाजायला लागत होतं.

असे रविवार होत गेले. आठवडाभर मी संध्याकाळी घरी यायचे, हेडफोन बॅगेतून काढायचेसुद्धा नाही, एक दिवस हा ॲम्प्लिफायर आणि एक दिवस तो, असं ऐकायचे आणि शब्द शोधत बसायचे. सतारीची मींड कशी, खोकला कसा, श्रोत्यांतून आलेली दाद डावीकडून की उजवीकडून. पंजाबी शेजारात, दाराबाहेर धुकं दाटलेलं असताना, मी एका बहिऱ्या माणसासाठी मराठी शब्द जमवत होते. त्या दिवसांइतकं लक्ष देऊन मी आयुष्यात कधी ऐकलं नाही.

काकू बहुतेक वेळ स्वयंपाकघरात असत. बाहेर टीव्ही मोठ्याने चालू, कारण काकांना त्याची थरथर आवडायची. काकूंना काही सांगायचं असलं की त्या ओट्यापासून चालत बाहेर येत, काकांच्या समोर उभ्या राहत, बोलत आणि परत जात. काका पाठमोरे असले तर खांद्याला हात लावून आधी वळवावं लागे. एका रविवारी मी त्यांना सहज विचारलं, "काकू, तुम्हाला दोन्हींतला कुठला आवडायचा?"

त्या हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. "मला?" म्हणाल्या. "हे, यांचे मित्र, सगळे या विषयावर तासन्‌तास बोलायचे. मी चहा देत होते. मला नाही गं कुणी विचारलं."

म्हणून मी त्यांना माझ्या घरी बोलावलं. लोहडीच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या आसपासचे दिवस होते, गल्लीत शेकोटीसाठी लाकडं रचून ठेवली होती. काका दुपारचे झोपल्यावर त्या टॅक्सीने आल्या. मी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पायांवर शाल दिली आणि तोच ख्याल आधी व्हॉल्व्हवर लावला, मग ट्रान्झिस्टरवर. त्यांनी डोळे मिटले. ट्रान्झिस्टरवर गाणं संपलं तेव्हा खोलीत काहीच उरलं नाही. गुणगुणही नाही. त्या तशाच बसून राहिल्या.

"हा," त्या म्हणाल्या. "हा चांगला. याच्यात शांत झालेलंही ऐकू येतं."

मग जरा वेळाने, डोळे न उघडता, त्या बोलू लागल्या. "आमच्याकडे शांत असं काही राहिलं नाही. टीव्ही ओरडतो, मी ओरडते. नुसतं, चहा घेता का, हे ओरडून विचारते. ओठ कळतात त्यांना, पण अंधार असला, पाठ असली, तर काय करणार? आणि हळू बोलायच्या गोष्टी असतात ना, नवराबायकोच्या, कुणाबद्दलच्या, उगाच मनात आलेल्या. त्या ओरडून नाही सांगता येत. त्या सगळ्या संपल्या आमच्या घरातून."

मी त्यांना हे कसं सांगणार होते, की मला व्हॉल्व्हच आवडतो, आणि तोही त्या गुणगुणीसाठी. गाणं नसतानाही मी तो चालू ठेवायचे. भाजी चिरताना, इस्त्री करताना मागे ती बारीक गुणगुण असायची, आणि घरात आतल्या खोलीत कुणीतरी आहे, आपल्या कामात आहे, असं वाटायचं. त्यांना घरातला आवाज नको झाला होता आणि मला घरातली शांतता. एकाच खोलीत, शालीत पाय गुंडाळून, आम्ही दोघी बसलो होतो.

जाताना काकू दारात थांबल्या. "मुलगा पुण्याला बोलावतोय," म्हणाल्या. "हे ऐकत नाहीत. घर, गुलाब, छावणी, म्हणतात. मी जोर करत नाही."

त्यानंतर माझ्या ध्यानात येऊ लागलं. काका आधी सकाळी बागेत फिरायला जायचे, ते आता जात नव्हते. तिथली मंडळी चांगली होती, प्रेमळ होती, पण पंजाबीत बोलायची. सगळे हसले की काका हसायचे, थोडं उशिरा. दूधवाला, माळी, बँकेतला मुलगा, कुणाचेच ओठ त्यांना वाचता येत नव्हते. या एवढ्या मोठ्या शहरात त्यांना समजेल असं बोलणारी माणसं दोन होती. एक बायको, आणि रविवारी येणारी मी. मला आधी याचा अभिमान वाटायचा. मग त्या आकड्याकडे नीट पाहिल्यावर अभिमान वाटेनासा झाला.

फेब्रुवारीत धुकं विरळ झालं. एका रविवारी चक्क ऊन पडलं. इथे अशा दिवशी सगळं शहर गच्चीवर येतं, खाटा, चटया, लोकरीचे गुंडे घेऊन. आम्हीही त्यांच्या गच्चीवर बसलो होतो. काकू खाली गेल्या होत्या, मी किन्नू सोलत होते. उत्तरेला डोंगर धुऊन काढल्यासारखे दिसत होते, कितीतरी दिवसांनी.

काकांनी अचानक विचारलं, "आम्ही पुण्याला जावं का?"

मी मान वर केली. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, नेहमीसारखेच.

"वसुधा स्पष्ट बोलत नाही. मुलगा स्वतःच्या सोयीचं बोलतो. तू ऐकतेस नीट. तू सांग."

किन्नूची साल बोटांत होती. मला त्या घरातला तो मोकळा कोपरा दिसला, पुढचे सगळे रविवार दिसले, पुढचा हिवाळा दिसला. त्यात बोलायला कुणी नव्हतं. मी खाली पाहिलं, एक फोड वेगळी केली आणि म्हटलं, "जा."

"काय?" काका म्हणाले. "खाली बघून बोलू नकोस. वर बघून सांग."

आता मला मान वर करावी लागली. ओठ नीट उघडून, एकेक अक्षर वेगळं करून, त्यांच्या डोळ्यांत बघून मला ते पुन्हा म्हणावं लागलं. "जा, काका. तिथे सगळे मराठीत बोलतात."

मग त्यांनी माझ्या हातातली किन्नूची फोड घेतली आणि त्यावर मीठ टाकून खाल्ली.

होळीच्या आधी मी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर परत नेला. घरभर खोकी पडली होती. काकांना आश्चर्य वाटलं. "तुझं बोलणं ऐकून मला वाटलं, तू हाच ठेवशील."

मी कारणं सांगितली. स्पीकर आळशी आहेत, जरा मोठ्याने लावलं की व्हॉल्व्हला धाप लागते. इथला मे महिना असा, की त्या तापलेल्या नळ्यांसमोर बसवणार नाही. ही कारणं खरीच होती. मग शेवटचंही सांगितलं, त्या गुणगुणीचं. गाणं नसतानाही मी तो चालू ठेवते, हे सांगितलं.

"मग ठेव की," काका म्हणाले. "सोबत होते तर होऊ दे."

"सोबत नाही होत, काका. नुसता आवाज होतो."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या आत गेल्या आणि ॲम्प्लिफायर गुंडाळायला त्यांची एक जुनी, मऊ सुती साडी घेऊन आल्या. काचेच्या नळ्या एकेक काढून आम्ही तिघांनी त्या साडीत गुंडाळल्या. ट्रक आला त्या दिवशी मला ऑफिसला सुट्टी मिळाली नाही.

ते गेल्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी मी ट्रान्झिस्टर लावला. गाणं संपलं, आणि काकू म्हणाल्या होत्या तसं, शांत झालेलंही ऐकू आलं. फार स्पष्ट ऐकू आलं. मी उठून लगेच दुसरं गाणं लावलं नाही. बसून राहिले. सवय व्हायला तो पूर्ण उन्हाळा लागला, आणि झाली असं अजूनही म्हणवत नाही.

तेव्हापासून प्रत्येक धुक्यात मी तशीच बसते. स्पीकर तेच आहेत, एकाचं कापड कोपऱ्यात उसवलंय. गाणाऱ्या बाई अजून दोन पावलं मागेच बसतात. मला आता त्यांची ती जागा मान्य आहे. कधी काही नवं ऐकू आलं, एखाद्या जुन्या मैफलीत मागे कुणी पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज, की माझे ओठ आपोआप शब्द जुळवू लागतात, सावकाश, वर बघून. समोर भिंत असते.

काकांशी फोनवर बोलता येत नाही. ते मोबाइलवर निरोप पाठवतात, एका बोटाने टाइप केलेले, लष्करी थाटाचे. पोचलो. थंडी नाही. वसुधा मजेत. मी त्यांना इथलं लिहिते, धुकं किती, डोंगर दिसले का. काकू मात्र फोन करतात, आणि अलीकडे हळू आवाजात बोलतात. कधी इतक्या हळू, की मला फोन कानाला घट्ट धरावा लागतो.

आज संध्याकाळी ऑफिसातून परतले, चहा टाकला आणि काकांचा निरोप आला. नेहमीपेक्षा मोठा होता.

"आज मंडईत मेथीच्या जुड्या उपसून बघत होतो. भाजीवाली मागून ओरडली असणार, मला काय कळणार. मग समोर येऊन उभी राहिली आणि चांगलं पाच मिनिटं झापलं. शब्दन्‌शब्द कळला."

मी लिहिलं, "मग? तुम्ही काय केलंत?"

उत्तराला वेळ लागला. चहा उतू गेला, मी गॅस बंद केला, ओटा पुसला. मग निरोप आला.

"मीही भांडलो."